साठ फूट पलीकडे

रँकिनबाईंचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीत 'रिकामं' असं लिहिलं. ते चूक होतं की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

१९२३ सालचा जुलै होता. नकाशाच्या कामाला आम्ही तिघेच उरलो होतो. चीफ हॉलिस क्रेन तिपाईवरच्या पाटावर कागद लावून, दुर्बिणीतून बघत, समोरचा डोंगर जागच्या जागी रेषांनी उतरवायचा. उसेबियो बाका स्वयंपाक करायचा आणि खेचरं सांभाळायचा. मी लोवेल फॉस, पूर्वीचा शाळामास्तर, वहीत आकडे लिहायला लागलो होतो. काठी धरणारा माणूस जूनमध्ये दात दुखतो म्हणून गावाला गेला तो परत आला नाही, म्हणून काठीही माझ्याकडे आली. लाल-पांढरे पट्टे रंगवलेली तेरा फुटांची काठी घेऊन मी चीफ हात करेल तिथे जाऊन उभा राहायचो. चीफ दुर्बिणीतून तिच्यावरचे आकडे वाचायचा, पाटाच्या कडेला लिहून ठेवायचा, आणि परत आल्यावर मी ते वहीत उतरवायचो. माझ्यासारख्या माणसाला हे काम बरं होतं. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नसे.

घरांबद्दल चीफचा नियम सोपा होता. राहतं घर म्हणजे काळा चौकोन. रिकामं घर काढायचंच नाही. त्या मुलुखात अर्धी घरं रिकामी होती, दुष्काळात माणसं सोडून गेलेली, आणि सगळी काढली असती तर नकाशा खोटा बोलला असता. मग राहतं कसं ओळखायचं? चुलीच्या राखेत हात घालून. राख मऊ असेल, कालची असेल, तर चौकोन. राख दबून घट्ट झाली असेल तर नाही. तिकडे कुणाच्याच दाराला कुलूप नसे, आत जाऊन बघायला कुणाची हरकत नसे.

रँकिनबाईंच्या चुलीतली राख घट्ट होती. वर उंदराच्या पायांचे ठसे होते. पलंगावर गादी नव्हती, नुसत्या पट्ट्या. टेबलावर एक कप उपडा ठेवला होता, आणि तो उचलला तर खाली धूळ नसलेलं गोल निघालं. मी कप परत ठेवला आणि वहीत लिहिलं.

मग चीफने पूर्वेच्या टेकाडामागे जायचा हात केला. टेकाड उतरलो तर एका ज्युनिपरच्या झाडाखाली ताडपत्री घातलेली चार चाकांची लाकडी गाडी उभी होती. शेजारी तीन दगडांवर किटली. गाडीच्या दांडीवर एक बाई शेळीचा खूर मांडीवर घेऊन सुरीने साफ करत बसल्या होत्या.

"काठी घेऊन कुठे निघालात?" त्या म्हणाल्या. "मासे धरायला?"

मी म्हटलं, नकाशाचं काम आहे.

"ठाऊक आहे. तीन दिवस बघतेय तुम्हाला. ते दुसरे गृहस्थ छत्रीखाली बसतात आणि तुम्ही पळता. उभे राहा की, लाजताय काय?"

मी गाडीच्या दांडीशी काठी उभी केली. टेकाडाच्या टोकावरून चीफने आकडा मिळाल्याचा हात केला. तरी मी तिथेच उभा राहिलो. गाडीच्या पलीकडे, झाडाच्या मुळाशी, दगड रचून केलेला एक लांबट उंचवटा होता. डोक्याकडच्या बाजूला पवनचक्कीच्या पात्याचा पत्रा रोवला होता.

"हॉबर्ट," रँकिनबाई म्हणाल्या. "माझा नवरा. मागच्या वर्षी मे महिन्यात घोडा अंगावर पडला. अकरा दिवस त्या घरातल्या पलंगावर होता. घराजवळ पुरायला गेले तर हातभर मातीखाली चुनखडीचा थर. कुदळ उडते. इथे जमीन मऊ लागली."

"तुम्ही इथेच झोपता?"

"मग कुठे झोपू?" त्यांनी शेळीचा दुसरा पाय उचलला. "घराचं काय लिहिलंत?"

मी खोटं बोलू शकलो असतो. मला तेवढं पटकन सुचत नाही. मी म्हटलं, "रिकामं."

त्यांनी सुरी थांबवली. रागावल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, हवा कशी आहे बघावं तशा.

"हाइटला हेच हवंय," त्या म्हणाल्या.

हाइटची गुरांची रँच त्यांच्या पूर्वेला लागून होती, अठ्ठावीस हजार एकर. रँकिन नवरा-बायकोंनी सरकारी जमिनीचा एक तुकडा मागितला होता, एक मैल लांब, एक मैल रुंद. सनद मिळायला तीन वर्षं त्याच जमिनीवर राहावं लागतं. ती सप्टेंबरात पुरी होणार होती. हाइटने जमीन कचेरीला कळवलं होतं की तिथे कुणी राहत नाही, दावा रद्द करा. चौकशीला तपासनीस येणार होता.

"जमिनीत काही नाही हो," रँकिनबाई म्हणाल्या. "बावीस शेळ्या आणि दोन घोडी धड जगत नाहीत. पण हाइटला मिळाली की तो गुरं सोडणार. गुरं झाडाच्या सावलीला येतात. हॉबर्टवर उभी राहतील, बसतील. मला एवढंच नको आहे. सनद झाली की मी कुंपण घालीन."

मी म्हटलं, मी चीफशी बोलतो.

"बोला," त्या म्हणाल्या. माझ्याकडून फार काही होईल असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी उसेबियोने बीन्स वाढले तेव्हा मी विषय काढला. चीफ जेवताना बोलत नसे, पण ऐकायचा.

"आमचे मास्तर पहिल्यांदा एका बाईशी बोलले," उसेबियो म्हणाला. "आणि पहिल्याच वाक्यात तिचं घर मोडलं. शाबास!"

"गप रे," चीफ म्हणाला. मग मला विचारलं, "चुलीत राख कशी होती?"

"जुनी."

"मग तू बरोबर लिहिलंस. झोपते कुठे?"

"गाडीत."

"गाडीला चाकं असतात. चाकं असलेली वस्तू मी काढत नाही. उद्या ती जाईल आणि नकाशा इथेच राहील." त्याने ताटली खाली ठेवली. "पण राहते ना ती? मग खोड आणि वर लिही. वही म्हणजे तू जे पाहिलंस ते. नंतर आणखी पाहिलंस, तर तेही."

आमच्या वहीत रबर चालत नसे. एक रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, वर नवीन लिहायचं, तारीख घालायची. मी 'रिकामं'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मालकीण गाडीत राहते, घराच्या पूर्वेला.' मला वाटलं काम झालं.

चीफ मात्र पाटाकडे गेला. दुर्बिणीची पट्टी जिकडे रोखलेली असते ती दिशा कागदावर रेघेने येते, आणि वाचलेलं अंतर त्या रेघेवर मोजून चीफ तिथे सुईने टोचायचा. इतर लोक पेन्सिलीचा ठिपका देतात. याला सुईच लागायची. मग आकडे आणि रेघा पुसून टाकायचा, उंचीच्या रेषा तेवढ्या ठेवायचा. पुसल्यावर सुईचं भोक राहायचं, पण कुठे आहे ते ठाऊक असेल तरच दिसायचं.

त्याच दिवशी दुपारी आम्हाला रँकिनच्या जमिनीच्या कोपऱ्याचा जुना दगड सापडला होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या मोजणीतला. चीफने त्यावरून पूर्वेची हद्द आखली होती. आता त्याने भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून राहिला.

"ये इकडे," तो म्हणाला.

मी भिंगातून पाहिलं. हद्दीची रेघ होती. भोक तिच्या पूर्वेला होतं. मधलं अंतर पेन्सिलीच्या दोन रेघांच्या जाडीएवढं.

"साठ फूट," चीफ म्हणाला. "बाहेर."

"म्हणजे थडगंही?"

"ते तर आणखी पलीकडे आहे ना गाडीच्या?"

होतं. दहा-बारा फूट.

चीफने रबर घेतलं आणि गाडीकडे जाणारी रेघ पुसली. ती तशीही पुसायचीच होती. उसेबियोने काय झालं म्हणून विचारलं. चीफने पाटावर कापड घातलं. मला वाईट वाटलं का, हे आठवून पाहिलं. तसं काही आठवत नाही. भांडी घासली आणि झोपलो एवढं आठवतं.

तपासनीस गुरुवारी आला. पेल नावाचा, जाड, घामाघूम माणूस. फोर्ड गाडीची मागची सीट कागदांनी भरलेली होती. रँकिनबाईंना त्याने वाटेतच बरोबर घेतलं होतं. त्यांनी स्वच्छ धुतलेला निळा झगा घातला होता आणि पायात हॉबर्टचे बूट.

"सरकारी मोजणीवाले चौदा तारखेला त्यांच्याकडे होते असं बाई म्हणतात," पेल म्हणाला. "याहून चांगला साक्षीदार कुठला? तुमचं ना तिच्याशी नातं, ना हाइटशी." उसेबियोने पुढे केलेला पीचचा डबा त्याने चमच्याने खायला घेतला. "घर बघून आलो. घरात कुणी झोपत नाही हे तर आंधळ्यालाही दिसेल. बाई, चौदा जुलैला तुम्ही कुठे झोपलात?"

"गाडीत."

"आणि त्याआधी?"

"गाडीत. मागच्या मे महिन्यापासून."

मला वाटलं होतं, त्या घरात झोपते असं म्हणतील. गादी उचलून पलंगावर टाकायला काय लागतं! मी तसं जाऊन सुचवावं असंही मनात आलं होतं, पण दोन दिवस मी ते वाक्य जुळवत राहिलो आणि गेलोच नाही.

"हरकत नाही," पेल म्हणाला. "घर दाव्यावर आहे. माणूस घरात झोपलं का अंगणात, कायदा विचारत नाही. जमीन तीच हवी. गाडी दाव्यावर आहे ना?"

"हॉबर्टने पावलांनी मोजली होती जमीन. आत आहे."

"पावलांनी!" पेलने चमचा चाटला. "चीफ, तुमचा नकाशा काय म्हणतो?"

चीफने पाटावरचं कापड काढलं. पेल वाकला. चीफने घर दाखवलं, काळा चौकोन, मी वहीत दुरुस्ती केल्यावर त्याने तो काढला होता. टेकाड दाखवलं. डाव्या हाताने कागद धरला होता, वारा होता म्हणून.

"गाडी कुठाय?"

"गाड्या काढत नाही मी," चीफ म्हणाला. "काढायचा नियमच नाही."

"मग वहीत?" पेल माझ्याकडे वळला.

मी वही उघडली. माझा आवाज बारीक निघाला. "गाडीच्या दांडीशी काठी धरली होती. अंतर अकराशे चाळीस फूट. उंची सहा हजार दोनशे बारा."

"कुठल्या दिशेला?"

"दिशा वहीत नसते. ती पाटावरच घेतात."

"आणि पाटावर?"

"रेघा पुसतात," चीफ म्हणाला. "बघा की. एक तरी दिसते का?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आता भोकाबद्दल कुणी बोलायचं असेल तर ते मी बोलायचं होतं. पेल माझ्याकडेच बघत होता. रँकिनबाई माझ्याकडे बघत होत्या. मी वहीकडे बघत होतो. नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलं की त्या बाईसाठी मी गप्प राहिलो. उसेबियोही त्याच्या म्हातारपणी लोकांना तसंच सांगायचा. पण चार माणसं बघत असताना मला कधीच बोलता आलेलं नाही, शाळेत असतानाही नाही, आणि त्या दिवशी त्याहून वेगळं काही झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

"बरं," पेल म्हणाला. त्याने कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं. दावेदार बाई दाव्यावरच राहत आहेत, असं त्यांच्या सांगण्यावरून व घर पाहून दिसतं. उलट पुरावा नाही. चीफने सही केली. मीही केली. "सप्टेंबर संपला की सनद येईल, बाई. हाइटला म्हणावं, बस बोंबलत." मग फोर्ड सुरू करायला उसेबियोची मदत घेऊन तो निघून गेला.

रँकिनबाई त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. धूळ खाली बसेपर्यंत उभ्या राहिल्या. मग पाटापाशी आल्या.

"अंगठा काढा," त्या चीफला म्हणाल्या.

चीफचा डावा अंगठा अजून कागदावरच होता. त्याने तो उचलला.

"इथे काय आहे?"

"काही नाही."

"मघापासून वारा नाही, चीफ. काय आहे?"

चीफ माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांग."

आणि या वेळी मी सांगितलं. का, ते माहीत नाही. एकच माणूस विचारत होता म्हणून असेल. "गाडी हद्दीच्या बाहेर आहे. साठ फूट. हॉबर्ट सत्तर."

त्यांनी हातांनी झग्याची घडी धरली आणि सोडली. उसेबियोने कपात कॉफी ओतून त्यांच्यापुढे धरली, ती त्यांनी घेतली आणि प्यायल्या नाहीत.

"म्हणजे हाइटच्या जमिनीत," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"हाइटला ठाऊक आहे?"

"अजून नाही," चीफ म्हणाला. "कुंपण घालताना मोजणीदार आणेल तेव्हा कळेल. दगड सापडलाय ना आता."

"तुमची मोजणी चुकत नाही?"

"चुकते की." चीफने टोपी काढून डोकं खाजवलं. "या मापाच्या नकाशात शंभर फूट इकडे तिकडे चालतं. मी तेवढा चुकत नाही. पण मी चुकत नाही हे मीच सांगणार, त्याला अर्थ काय?"

"म्हणजे आतही असेल?"

"असेल. बाहेर सत्तर आहे, चूक शंभर धरा. तीस फूट आतही असेल. बाहेर एकशे सत्तरही असेल."

रँकिनबाईंनी कॉफीचा एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "काय घालतोस रे यात?" त्या उसेबियोला म्हणाल्या.

"चार दिवसांची भुकटी, बाई. सरकारी काटकसर."

"फेकून दे." मग चीफला म्हणाल्या, "उद्या तुम्हाला कुठे जायचंय?"

"उत्तरेला."

"परवा जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाला तिथे होतो. चीफने कोपऱ्याच्या दगडावर पाट लावून त्याच्यावरून पूर्वेची हद्द धरली, मी काठी घेऊन तिच्यावर तीन ठिकाणी उभा राहिलो, उसेबियोने तिथे खुंट्या ठोकल्या. रोजचंच काम होतं, रोजच्यासारखंच झालं. थडगं खुंट्यांच्या बाहेर निघालं, सत्तर नव्हे, चौऱ्याहत्तर फूट.

"कुठे खणायचं?" उसेबियोने विचारलं. "खुंटीच्या आत दहा फूट पुरे?"

"चीफ म्हणाले शंभर चुकतं," रँकिनबाई म्हणाल्या. "हाइटचा मोजणीदारही शंभर चुकेल. दोनशे आत घ्या."

"दोनशे आत पार चुनखडी आहे, बाई."

"मला माहिती आहे काय आहे."

आमच्याकडे उंचीच्या खुणा खडकात बसवायची छिन्नी आणि घण होता. तेच घेऊन आम्ही थर फोडला. फुटला की वीटभर निघायचा, परत ठोकायचं. चीफ छप्पन वर्षांचा होता, त्यानेही शर्ट काढला. माझ्या हाताला फोड आले आणि फुटले. दोन वाजेपर्यंत मांडीएवढं खोल झालं, चारपर्यंत छातीएवढं. एकदा उसेबियो म्हणाला, "हॉबर्टला विचारलं असतं तर म्हणाला असता, गुरं बसली तर बसू देत, मला झोपू द्या." रँकिनबाई म्हणाल्या, "म्हणाला असता. म्हणून तर विचारलं नाही."

मग आम्ही जुनी माती काढली. ती खरोखर मऊ होती, तासाभरात पेटी दिसली. पवनचक्कीचे भाग ज्यातून आले त्या खोक्याच्या फळ्या होत्या, त्यांच्यावर कारखान्याची अक्षरं अजून वाचता येत होती. कोरड्या मुलुखात लाकूड टिकतं. आम्ही खालून दोर घातले आणि चौघांनी उचलली. फार जड नव्हती. मला तेवढंच जाणवलं, की फार जड नाही, आणि काही जाणवायला हवं होतं असंही वाटलं. पावणेतीनशे फूट नेताना तीनदा खाली ठेवली. रँकिनबाई डोक्याकडच्या बाजूला होत्या आणि पावलं मोजत होत्या, मोठ्याने नाही, ओठ हलत होते.

माती टाकून झाल्यावर दगड रचले. पत्रा रोवायला जागा नव्हती, थर कडक, म्हणून तो दगडांत आडवा ठेवला. चीफने टोपी काढली, घातली. बाई म्हणाल्या, "प्रार्थना मागच्या वेळी झाली आहे. तीच चालेल."

मग त्या परत झाडाकडे गेल्या, किटली उचलून गाडीत टाकली, शेळ्यांचे दोर सोडले आणि दोन्ही घोडी जुंपली. लगाम ओढला. गाडी हलेना. वर्षभर एकाच जागी उभी राहून चारही चाकं मातीत बसली होती. चीफ मागे गेला, मी डाव्या चाकाला खांदा लावला, उसेबियो उजव्या.

"मास्तर, ढकला, वाचत काय बसलात," उसेबियो म्हणाला.

मी ढकललं. तिसऱ्या झटक्याला चाकं सुटली, आणि गाडी पश्चिमेकडे, हॉबर्टच्या नव्या जागेकडे निघाली. रँकिनबाईंनी मागे पाहिलं नाही. त्या घोड्यांना काहीतरी सांगत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.